साडेपाच मणांची मोटारसायकल

विद्याधर पळसुले रेल्वेत फिटर होता. एका पावसाळ्यात चालत्या मालगाडीच्या पायरीवरून घसरला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. नोकरी गेली तसं क्वार्टरही सोडावं लागलं. बायको इंदूला घेऊन तो झाशीच्या सिव्हिल लाइन्समध्ये थोरल्या भावाकडे राहायला आला. नानासाहेब वकील होते. त्यांनी मागच्या अंगणातली खोली दिली, दोन वेळचं जेवण दिलं, आणि आल्यागेल्याला आपण ते देतो हेही सांगितलं.

त्या घरात दूरच्या नात्यातले हरिभाऊ होते. उभं आयुष्य त्यांनी तिथे पडेल ते काम केलेलं. पाय गेल्यावर विद्याधरला पाठीवर घेऊन संडासापर्यंत नेलं ते हरिभाऊंनीच. इंदूला ते झेपत नव्हतं आणि नानासाहेबांना त्या जखमेचा वास सोसत नव्हता.

खोलीच्या दारात विद्याधरची मोटारसायकल उभी असे. लढाईनंतर फौजेनं मोडीत काढलेली ती गाडी त्यानं सुटे भाग जमवून पुन्हा उभी केली होती. पुढे लोखंडी गार्ड, मागे जाड पट्ट्यांचं कॅरिअर, दोन्ही अंगांना हत्यारांनी भरलेल्या पत्र्याच्या पेट्या. आता चालवता येत नव्हती, तरी रोज सकाळी तो ती पुसायचा.

नानासाहेबांच्या मुलीचं, सुहासिनीचं, लग्न मऊरानीपुरच्या मुलाशी ठरलं. बैठकीत जावयानं मोटारसायकलचा विषय काढला आणि नानासाहेब तिथल्या तिथे देऊन मोकळे झाले. विद्याधरला हे कळलं ते इंदूकडून, जेवताना. त्यानं घास खाली ठेवला, मग पुन्हा उचलला.

दुसऱ्या दिवशी नानासाहेब स्वतः खोलीत आले. गाडी रेल्वेनं पाठवायला त्यांची तयारी नव्हती. जीपच्या मागे ट्रेलरवर, हार घालून, व्याह्यांच्या दारात उतरली पाहिजे. ट्रेलर दोन मिळत होते. एक ठेकेदाराचा, छोटा, नुकताच हिरवा रंग दिलेला. दुसरा सिपरी बाजारातला, विटा वाहून काळवंडलेला, पण दणकट. कुठला घ्यावा ते गाडीच्या वजनावरून ठरवायचं, आणि वजन काढायचं काम त्यांनी विद्याधरवर टाकलं. बसल्याजागी काहीतरी कर, असं म्हणून ते निघून गेले.

विद्याधरला ते शब्द लागलेच नाहीत. किती दिवसांनी कुणी त्याला काम सांगितलं होतं. गाडीच्या पुस्तकात साडेचार मण लिहिलं होतं, पण ते कोऱ्या, कोरड्या गाडीचं. पेट्रोल, तेल, गार्ड, कॅरिअर, पेट्या त्यात नव्हत्या. हरिभाऊंनी गाडी ढकलत स्टेशनच्या पार्सल ऑफिसात नेली, मागून कुबडीवर विद्याधर. तिथे त्याचा जुना दोस्त भीमराव होता. काट्याची फळी लहान, अख्खी गाडी मावेना. तेव्हा विद्याधरनं पुढचं चाक काट्यावर घेतलं आणि मागचं तेवढ्याच उंचीच्या लाकडावर, म्हणजे गाडी तिरकी होऊन आकडा चुकणार नाही. मग चाकं बदलून पुन्हा तोललं. दोन्ही मिळून साडेपाच मण भरले. परतताना हरिभाऊ म्हणाले की आज तू पूर्वीसारखा बोलतोयस.

रात्री जेवायला पाहुणे होते. विद्याधरनं पंगतीतच सांगितलं: छोटा ट्रेलर पाच मणांच्या वर घेणार नाही, त्यात चढवायच्या फळ्या, साखळ्या आल्या, तेव्हा सिपरी बाजारातलाच घ्यावा, नाहीतर टाकी आणि पेट्या रिकाम्या कराव्या. नानासाहेबांना तो विटांचा ट्रेलर व्याह्यांच्या दारात नको होता. टाकीही भरलेलीच हवी होती.

"तोलण्याचं मात्र ह्याला फार कळतं बरं का," ते पाहुण्यांना म्हणाले. "एक पाय कमी झाल्यापासून रोज स्वतःलाच तोलतो."

पाहुणे हसले. इंदू वाढत होती. तिनं हसू लपवायला पदर तोंडाला लावला, पण तिचे खांदे हलताना विद्याधरला दिसले.

त्यानंतर त्यानं वजनाचा शब्द काढला नाही.

निघायच्या सकाळी हिरवा ट्रेलर दारात आला. त्यावर मोटारसायकल चढवून साखळ्यांनी आवळली, झेंडूचे हार घातले. चाकांच्या वरचे स्प्रिंगचे पाटे पार खाली बसले. जीपच्या ड्रायव्हरनं वाकून पाहिलं.

"बाबूजी, वज़न ज़्यादा तो नहीं है?"

नानासाहेबांनी काठीनं ओट्याकडे दाखवलं. "वो बैठे हैं हमारे इंजीनियर. उन्हीं से पूछो."

ड्रायव्हर वळला. सगळेच वळले. त्याच वेळी हरिभाऊ ट्रेलरच्या चाकावर पाय देऊन वर चढले आणि गाडीला टेकून बसले. गाडी धरायला तेच जाणार आहेत, हे विद्याधरला ठाऊक नव्हतं. हरिभाऊ त्याच्याकडे बघत होते. सांगायला एवढाच अवसर होता, आणि तो पुरेसा होता. पण नानासाहेबांच्या ओठांवर तेच पंगतीतलं हसू होतं. व्याह्यांच्या वाटेवर ह्यांची फजिती होऊ दे, एवढंच विद्याधरच्या मनात आलं.

"ठीक है," तो म्हणाला. "जाने दो."

बरुआसागरच्या अलीकडे, उतारावर, ट्रेलरचा आस मोडला. मोटारसायकल साखळ्यांसकट कलंडली आणि हरिभाऊ तिच्याखाली सापडले. जीपमध्ये बसलेल्या नानासाहेबांना खरचटलंसुद्धा नाही. त्यांनी हरिभाऊंना येणाऱ्या ट्रकमध्ये घालून झाशीला धाडलं आणि आपण पुढे मऊरानीपुरला गेले, कारण मुहूर्ताची बोलणी थांबवता येत नव्हती.

कमरेखालचं शरीर कायमचं गेलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. हरिभाऊंची खाट विद्याधरच्याच खोलीत टाकली. घरात सगळ्यांना नानासाहेबांनी ऐकवलं की वजन विद्यानं पास केलं होतं, ड्रायव्हर साक्षीला आहे.  विद्याधर हरिभाऊंना भरवायचा, पुसायचा, कूस बदलायचा. लग्न ठरल्या दिवशी झालं. सनई मागच्या खोलीपर्यंत ऐकू येत होती.

त्या दिवशी, सगळे मांडवात असताना, विद्याधरनं सांगून टाकलं. मला माहीत होतं ट्रेलर टिकणार नाही. मी मुद्दाम गप्प बसलो.

हरिभाऊंनी मान त्याच्याकडे वळवली.

"तोललं तेव्हा मीही होतो ना रे," ते म्हणाले. "चढताना तुझ्याकडेच बघत होतो. म्हटलं, मी बसलोय म्हटल्यावर विद्या बोलेल."

विद्याधरनं पेज पुढे केली. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर त्याच्या हातचं त्यांनी पाणीही घेतलं नाही. इंदू आली की तोंड उघडत, ती नसली की तहानलेले पडून राहत. तो खाटेशी वाटी धरून बसे आणि ते त्याला, परक्याला सांगावं तसं, इंदूला बोलवायला सांगत. थंडी सुरू झाली तेव्हा ते गेले. खांदा द्यायला विद्याधर उठला, पण कुबडीवाल्यामुळे तिरडी कलेल, असं म्हणून नानासाहेबांनी त्याला घरीच थांबवलं.