सहावी ब-चा आदिमानव

चहा घ्या आधी. गार झाला तर मला दोष देऊ नका, कारण हा किस्सा एकदा सुरू झाला की मी थांबत नाही. आमचे हे सांगतात तेव्हा भलताच मीठमसाला लावतात. त्यापेक्षा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका.

तर मी नोएडाच्या एका शाळेत सहावीला इतिहास शिकवते. सुरुवातीलाच धडा आदिमानवाचा. माणूस आफ्रिकेतून निघाला आणि चालत चालत जगभर पसरला. आता हे पोरांना दाखवायचं कशानं? शाळेत एक फाटका नकाशा आणि प्लॅस्टिकची थोडी हाडं, तीही कोंबडीची वाटावीत अशी. प्रिन्सिपल मॅमकडे सामान मागायला गेले तर म्हणाल्या, "अरे, आप तो इतनी क्रिएटिव्ह हैं, खुद बना लीजिए ना." दिवाळीच्या सुट्टीआधी प्रदर्शन, पालक येणार, आणि आदिमानव माझ्या गळ्यात.

मग काय, कागदाचा लगदा केला. आई जुन्या टोपल्या लिंपायची ना, तसाच, मेथीची पूड घालून, म्हणजे कीड लागत नाही. सहावी ब-च्या वर्गाला बाळंतिणीच्या खोलीसारखा वास. पोरांनी धड केलं, हातपाय केले. तोंड मात्र मी केलं. समोर पुस्तकातलं चित्र उघडं होतं, शपथेवर सांगते. जाड भुवया, बसकं नाक, रुंद जबडा. सगळं चित्रात होतं तसं.

संध्याकाळी हे मला न्यायला शाळेत आले. वर्गाच्या दारात थबकले, शर्ट नीट केला आणि म्हणाले, "अरे दादा, तुम्ही केव्हा आलात?"

मी वळून पाहिलं. कमरेला गोणपाट, हातात दगडी कुऱ्हाड, पण उभा होता तो माझा दादाच.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मिरजेला त्याची पिठाची गिरणी आहे. लग्न होऊन मी ह्यांच्या केंद्र सरकारच्या नोकरीपायी इकडे आले, आणि तेव्हापासून दादा एकदाही आमच्याकडे आला नव्हता. विचारलं की उत्तर ठरलेलं, "गिरणी कुणावर टाकून येऊ?"

मग भाऊबीजेला मी काय करायचं? आपल्यात भाऊ जवळ नसला की चंद्राला ओवाळतात, तसं मी ओवाळायची, बाल्कनीत ताम्हण घेऊन. पण दिवाळीनंतर नोएडात चंद्र दिसतो होय? धुरामुळे समोरची सोसायटी दिसायची मारामार. एका वर्षी मी मनोभावे ओवाळलं, अक्षता टाकल्या, डोळे पुसले, आणि हे मागून हळूच म्हणाले, "अगं, तो क्रेनचा दिवा आहे." हसा, हसा. मीही हसले होते. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तर घोळ झाला होता तो असा. डोळे पुस्तकात आणि बोटं मिरजेत.

तरी काही बिघडलं नसतं. दादा काय मिरजेहून आदिमानव बघायला येणार होता? पण दैव बघा. त्याच आठवड्यात त्याचा फोन आला. "सुमे, पोरगा बघतोय आता गिरणी. यंदा भाऊबीजेला येतो. दिवाळीआधीच येतो, तुझी शाळापण बघायची आहे मला."

इतक्या वर्षांनी. फोन ठेवला आणि मग आदिमानव आठवला. दादा मनानं सोनं आहे, पण रुसका. एका लग्नात त्याला जेवायला बसा म्हणायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, तर हा उपाशीपोटी एसटी धरून घरी गेला. उद्या यानं गोणपाट नेसलेलं आपलंच ध्यान पाहिलं तर? मिळेल त्या गाडीनं परत जाईल, आणि मी पुन्हा क्रेनला ओवाळत बसेन.

मी चेहरा बदलायला घेतला. पण लगदा वाळून दगड झालेला. नाक खरवडायला गेले तर कपचा उडाला, तोही कुठे? लहानपणी पेरूच्या झाडावरून पडून दादाच्या नाकावर खोक पडली होती, नेमका तिथे. जितकं सुधारावं तितका तो जास्तच दादा होत चालला. शेवटी सुतळीची भरघोस दाढी चिकटवून टाकली. दादा रोज दाढी करणारा माणूस, त्यामुळे मी निर्धास्त झाले.

निजामुद्दीन स्टेशनवर दादा गाडीतून उतरला. भरघोस दाढी.

"अगं, दिल्लीत थंडी फार म्हणाले सगळे," तो म्हणाला, "म्हणून वाढवली."

ह्यांनी रुमाल तोंडात कोंबला आणि बॅगा शोधायला निघून गेले. बॅग एकच होती, आणि ती दादाच्या हातात होती.

दुसऱ्याच दिवशी प्रदर्शन. मी दादाला वर्गात नेलं ते थेट हाडांच्या टेबलाशी, पुतळ्याकडे पाठ करून बसवलं. "इथंच बस हं दादा. इकडेतिकडे जाऊ नकोस." त्यानंही शहाण्या मुलासारखी मान डोलावली. मी पालकांशी बोलायला वळते न वळते तोच आमच्या वर्गातली अनन्या किंचाळली, "मॅम, मॅम, ये तो असली वाले भी आ गए!"

पोरांनी दादाला हाताला धरून पुतळ्याशेजारी उभं केलं होतं. प्रिन्सिपल मॅम लगबगीनं आल्या. "वाह मॅम, लाइव्ह मॉडेल भी बुलाया है? बताया भी नहीं." आणि पुतळ्याच्या हातातली कुऱ्हाड काढून त्यांनी दादाच्या हातात दिली. पालकांची फोटोसाठी रांग लागली. दादा ज्याला त्याला सांगतोय, "नमस्ते जी, हम सुमन का भाई," आणि लोक म्हणतायत, क्या ऍक्टिंग है यार. धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना? नोएडाची धरणी घेत नाही हो. सगळीकडे सिमेंट.

फोटो संपले तशी अनन्या दादाला जमिनीवरचा नकाशा समजावू लागली. आम्ही गेरूची पावलं काढली होती, आफ्रिकेतून निघून पार फळ्यापर्यंत.

"अंकल, ये लोग यहाँ से निकले. फिर चलते गए, चलते गए."

"अच्छा. और वापस कब गए?"

"वापस? वापस तो कोई नहीं गया, अंकल."

दादाचा चेहरा उतरला. त्यानं कुऱ्हाड टेबलावर ठेवली. घरी येताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसला, आणि आल्या आल्या बॅग उघडून बसला. मी ओळखलं, निघाला हा. मग माझा धीर सुटला. मी सरळ त्याच्यासमोर फरशीवरच बसले.

"दादा, जाऊ नको रे. मी मुद्दाम नाही केलं. तुझी फार आठवण यायची, हातून तसा होऊन गेला."

"कोण कसा झाला?"

"तो आदिमानव. तुझ्यासारखा."

दादा माझ्याकडे बघतच राहिला. "माझ्यासारखा? मला तर वाटलं, तू आरशात बघून केलास."

"भुवया तर सेम आहेत," हे सोफ्यावरून म्हणाले. नवऱ्यांना अशा वेळी बरोबर कंठ फुटतो.

"आणि मी कसा असेन गं तो?" दादा म्हणाला. "घर सोडून चालत सुटलीस ती तू. मी आपला आहे तिथंच आहे, गिरणीत." त्यानं बॅगेतून चकलीच्या भाजणीची पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली. तेवढ्यासाठी बॅग उघडली होती त्यानं. "ती पोरगी म्हणाली, परत कुणीच गेलं नाही. खरं का ते?"

"धड्यात तसंच आहे, दादा."

"मग धडा बदल. मे महिन्यात ये चार दिवस."

भाजणीचा वास घेत नुसती मान हलवली.

आणि भाऊबीजेला दादा आमच्या घरी पाटावर बसला. डोक्यावर टोपी, दाढी विंचरलेली. मी ताम्हणात निरांजन लावलं, सुपारी ठेवली, अंगठी ठेवली. डोळे असे भरून आले की समोरचं काही दिसेना, आणि पाय आपले सवयीनं चालू लागले. निघाले ते थेट बाल्कनीत. धुरात वर कुठेतरी मिणमिण दिसली तशी मी ओवाळायला सुरुवातही केली.

मागून पाटावरून दादाचा आवाज आला, "सुमे, पोरांना नकाशा शिकवतेस म्हणे. भाऊ कुठल्या दिशेला बसलाय तेवढं तरी बघ की."