सांगाव्याची वेळ

प्रयोगशाळेतल्या त्या बंद खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाचा तिथल्या मदतनीस तायडेबाई आधी वास घ्यायच्या. अत्तर, सुगंधी तेल, काहीही लावलेलं असलं की सरळ परत. एकदा आमच्या सरांनाही त्यांनी तोंड धुऊन यायला लावलं होतं. आत मक्यावरच्या लष्करी अळीचे पतंग असायचे. मादी पोटाचं टोक उचलून गंध सोडते आणि त्या मागावर नर येतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. बाई त्याला 'सांगावा' म्हणायच्या. "सांगावा गेल्याशिवाय पाहुणा येते का, ताई?" पुण्यात तीस वर्षं काढूनही त्यांचं अकोल्याचं बोलणं सुटलं नव्हतं.

पतंगांचं सगळं रात्रीचं. म्हणून त्या खोलीत दिवसाची रात्र केली होती. टायमर सकाळी नऊला दिवे बंद करायचा. मी बारा ते तीन मंद लाल दिव्यात बसून कोणती जोडी कधी जमली ते टिपायचे, आणि तीनला नर आणि माद्या पुन्हा वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवून कोथरूडची बस गाठायचे.

शेवटच्या पिढीत मात्र पाच दिवस काहीच घडेना. माद्या ढिम्म बसलेल्या. कोष संपले होते. यांनी अंडी घातली नाहीत तर वंश बंद, आणि माझी संशोधनाची तीन वर्षं पाण्यात. घाबरले की मी समोरच्यावर घसरते. तुम्हीच फवारलेली पानं आणली असणार, असं मी बाईंना फाडकन म्हणाले. त्या मक्याची पानं पुसत राहिल्या. मला तेव्हा लाजही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी बाराला पोचले तर बाई दारातच उभ्या. अकराला मधपाणी बदलायला त्या आत गेल्या, तर खोलीत लख्ख उजेड! रविवारी अडीच तास वीज गेली होती, तेवढा वेळ टायमरही थांबला होता. भिंतीवरचं सेलचं घड्याळ मात्र चालत राहिलं आणि मी त्याच्यावर विसंबले. म्हणजे पतंगांची रात्र अडीच तास उशिरा पडत होती, आणि मी शहाणी रोज त्यांच्या ऐन वेळेला बसमध्ये.

"काऊन घाई करता? आज बसा," एवढंच बाई म्हणाल्या.

दोघी बसलो. साडेतीनच्या सुमाराला एका मादीनं पोटाचं टोक वर उचललं. एक नर तिच्याभोवती पंख फडफडवत फिरला आणि थोड्या वेळात दोघं पाठमोरी जोडली गेली. मग दुसरी जोडी. चौथी लिहिताना मला हुंदका आवरेना. बाईंचा हात धरून मी कसंबसं म्हणाले, "चुकलं माझं."

"चुकलं तं चुकलं," त्या कुजबुजल्या. "रडाचं असन तं बाहेर जा. ह्या बिचकतीन."

मी मुकाट्यानं बाहेर गेले आणि भर दुपारी व्हरांड्यात मनसोक्त रडले.