मंगलआक्कांचा ब्लाउज

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, सुनेला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा मधलं तेवढं गाळूनच बोलते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल — आणि बोलताना माझ्या अंगाकडं बघत नाही म्हणून.

शिवाजी पेठेत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. आसपासच्या कितीतरी बायकांची मापं मला तोंडपाठ आहेत. कुणाचा एक खांदा उतरता आहे, कुणी बाळंतपणानंतर पोट आत ओढून उभी राहते, कुणाला दंडाची लाज वाटते — बायका पडद्यामागं येतात, हात वर करतात आणि मी टेप फिरवते. इथलं इथंच राहतं, असं मीच त्यांना सांगते. आणि खरंच राहतं. माझ्या तोंडून कुणाच्या अंगाची गोष्ट कधी बाहेर गेलेली नाही.

माझी स्वतःचीही नाही. माझी डावी छाती काढलेली आहे. बघा, 'छाती' म्हणाले. दुसरा शब्द अजून जिभेवर नीट येत नाही.

पेठेत सांगितलं, पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. मग केस गेले, तेव्हा काय सांगायचं? सांगितलं — बालाजीला नवस होता, केस देऊन आले. लगेच शेजारणीनं विचारलं, "मग लाडू कुठाय?" आता लाडू कुठून आणू? म्हटलं, गर्दीत पिशवीच हरवली. ती बाई पुढं कितीतरी दिवस त्या लाडवांसाठी हळहळत होती. तुम्हाला हसू येत असेल. मलाही तेव्हा आलं होतं. पण खोट्याला रोज खाऊ घालावं लागतं हो. घरात ह्यांना आणि मुलाला माहीत. सून नंतर आली, तिला नाही. म्हणजे घरातही सुटका नाही — अंघोळीहून बाहेर यायचं ते सगळं जागच्या जागी बसवूनच.

जागच्या जागी म्हणजे काय, तर पॅड. विकतचं मला रुतायचं, म्हणून मी स्वतःच बनवलं. मऊ कापडाची पिशवी, आत कापूस, आणि वजन यावं म्हणून मोहरी. ब्लाउजच्या अस्तराला आतून खिसा, त्यात ती पिशवी. बाहेरून कुणाच्या बापाला कळणार नाही. उन्हाळ्यात घामानं मोहरी ओली होते, तिला वास येतो, व्रणाच्या कडेला पुरळ उठतं. खाजवायचीही सोय नाही, कारण समोर गिऱ्हाईक. नात धावत येऊन बिलगते तेव्हा मी तिला उजव्या बाजूला वळवून घेते. ती बिचारी समजते, आजीची ही काहीतरी खोडच आहे. माझं शरीर मला भाड्याच्या खोलीसारखं झालंय — घरमालक कधी दार वाजवेल याचीच धाकधूक.

पण एक जागा अशी होती, जिथं मला असं वाटत नव्हतं. केमो चालू असताना दवाखान्यातली ती लांबट खोली. ओळीनं खुर्च्या, प्रत्येकीच्या हाताला सुई. तिथं माझ्या शेजारी बहुतेक वेळा मंगलआक्का असायच्या. उचगावच्या, दोन म्हशींच्या मालकीण, आवाज असा की सिस्टरनं दार लावून घ्यावं. मला पहिल्यांदा ओकारी आली तेव्हा नर्सच्या आधी त्यांनीच भांडं पुढं धरलं, एका हाताला सुई असताना. म्हणाल्या, "वका बिनघोर. हितं कोण पावणं बघायला आल्यात?"

तिथं मी पॅड लावून जात नसे. डोक्यावरचा रुमालही काढून ठेवायचे. आम्ही दोघी टकल्या, एकेका बाजूनं सपाट, आणि हसत बसायचो. हसून हसून सलाइन हलायचं. त्यांनी एकदा विचारलं, "काय करता तुमी?" मी सांगितलं. तशा खूश झाल्या. "आवो मग झालं की! माझ्या पोरीचं लगीन हाय पुढल्या साली. मला असला ब्लाउज शिवून द्या, की फोटूत कुणाला कळाय नगं. एवढं एक दीस." मी म्हणाले, आक्का, माझं वचन. हातावर हात मारला. अंगात असं मोकळं मला त्याआधीही कधी वाटलं नव्हतं, त्यानंतर तर नाहीच.

इथवर सांगणं सोपं होतं.

त्या आल्या. लग्नसराई होती, दुकान भरलेलं. बाकावर पेठेतल्याच चार-पाच बायका, सगळ्या ओळखीच्या, त्यात ती लाडवाची शेजारीणही. आक्का दारात उभ्या राहिल्या, केस आखूड आखूड आलेले, हातात पिशवी, आणि मला बघून तोंडभर हसल्या. मोठ्यानं म्हणाल्या — हळू बोलणं त्यांना कुठून येणार? — "सापडलं बाई एकदाचं दुकान! वळखलं न्हाय व्हय? केमोला शेजारी हुतो की आपुन!"

मशिनवरचा माझा पाय थांबला. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मला वाटलं, आता ह्यांची नजर खाली सरकणार. माझ्या छातीवर थांबणार. मोजणार.

मी म्हणाले, "तुमचा कायतरी घोटाळा झालाय, बाई. मी न्हाय ती."

आक्कांना वाटलं, मी चेष्टा करतेय. हसतच पुढं आल्या, पिशवीतून कापड काढलं, अबोली रंगाचं, काठाला जर. "आवो तुमीच म्हणाला हुता, शिवून देतो म्हणून—"

तिथंही मला थांबता आलं असतं. 'आक्का, आत या' एवढं म्हणायला काय लागतं? पडदा दोन पावलांवर होता. पण बाकावरून कुणीतरी विचारलं, "कसलं केमो गं?" आणि माझा आवाज चढला. मी म्हणाले — हे मी पहिल्यांदाच सांगतेय — "असला रोग व्हायला काय पाप केलंय मी?"

मग लाडवाची शेजारीण बाकावरून थोडी सरकली, आक्कांपासून लांब. जणू उडून लागेल. मी ते पाहिलं, आणि तुम्हाला खरं सांगू का — मला हायसं वाटलं. बायकांची नजर त्यांच्यावर गेली होती, माझ्यावर नव्हती.

आक्कांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना सगळं कळलं, हे मला दिसलं. एका वाक्यात त्या मला उघडं पाडू शकल्या असत्या, तोंड तर त्यांचं मुलखाचं फटकळ. पण त्यांनी कापडाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, "चुकलंच माझं. ती बाई येगळी हुती."

त्या गेल्यावर शेजारीण म्हणाली, "कुठनं कुठनं येत्यात बाई." मी होकारार्थी मान हलवली. मानसुद्धा हलवली हो मी.

पुढं काही महिन्यांनी तपासणीला गेले होते. बाहेरच्या बाकांवर त्या बसलेल्या, सोबत मुलगी, हातात नवा हिरवा चुडा. मुलगी सिस्टरला मोबाइलवर लग्नाचे फोटो दाखवत होती. मी मागच्या बाकावर होते, मलाही दिसले. वैशाखातलं लग्न, सगळ्यांचे चेहरे घामानं डबडबलेले, आणि मुलीच्या शेजारी आक्का — खांद्यावरून पुढं घेतलेली जाड लोकरी शाल, गळ्यापाशी मुठीत घट्ट धरलेली. प्रत्येक फोटोत. अक्षता टाकताना, जावयाला ओवाळताना. सिस्टर म्हणाली, "एवढ्या उन्हात शाल?" मुलगी म्हणाली, "आईला थंडी वाजत हुती."

मग तिचं माझ्याकडं लक्ष गेलं. म्हणाली, "आई, त्या मघापास्नं बघत्यात. वळखीच्या हायत काय?"

आक्का वळल्या. माझ्याकडं बघितलं. रागानं बघतील, असं वाटलं होतं, पण तसंही काही नव्हतं. "न्हाय गं," म्हणाल्या आणि सरळ होऊन बसल्या.

माझ्या नावाचा पुकारा झाला. मी उठले, त्यांच्या बाकाला लागूनच पुढं गेले, आणि काही बोलले नाही. तेव्हाही नाही.

आज दुकानात कुणी अबोली कापड आणलं तरी मी घेते, शिवते, देते. हात शिकलेले आहेत, त्यांना काही वाटत नाही. खिशाचं अस्तर, मोहरीची पिशवी, उजव्या बाजूशी जुळणारा उभार — हे कोल्हापुरात माझ्याइतकं नीट कुणाला जमत असेल असं मला वाटत नाही. मी ते रोज घालते.

आक्कांचा ब्लाउज — एका दुपारचं काम होतं ते.