नूरआयशाचं नाव

परवा केळशीला माहेरी गेले, तेव्हा वहिनी अंगणात सुकट पसरत होती. त्या वासाने मी पायरीवरच थबकले.

"काय गो, बरं नाय वाटत?" तिने विचारलं.

"काही नाही," म्हटलं.

खूप वर्षांपूर्वी बांगलादेशातल्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावणीत असाच वास होता. त्यांच्या हकिगती ऐकून सरकारी अधिकाऱ्यांपुढे मांडायच्या, हे तेव्हा माझं काम होतं. ताडपत्रीच्या झोपडीत नूरआयशा सुकी मासळी निवडत बसली होती. म्यानमारच्या सैनिकांनी गाव जाळलं, नवरा आणि दोन्ही मुलगे डोळ्यांदेखत मारले, हे तिने मासळीवरची नजर न काढता सांगितलं. ते मला सांगताना दुभाषी बाईला हुंदका आला. मला रडू आलं नाही. सकाळपासून हेच ऐकत होते. आत काही हलेनासं झालं होतं.

"तुमचं नाव बदलून सांगते, उगाच त्रास नको," मी म्हणाले.

तिने पहिल्यांदाच वर पाहिलं. "घर गेलं, माणसं गेली. नाव तेवढं उरलंय. ते खरं तेच सांग."

तेव्हा मला ते तिचं धाडस वाटलं. आता वाटतं, तिच्यापाशी जपायला दुसरं काही राहिलंच नव्हतं.

पुढे कितीतरी बैठकांत मी ते नाव घेतलं. अधिकारी मान हलवत, मग चहा येई. दुभाषी बाई अजून कळवते, नूरआयशा त्याच झोपडीत आहे. हल्ली तिचं नाव घेताना माझाही आवाज कापत नाही.