पोवळ्याची घंटा

आमच्या घरात सायकल चालवता फक्त मला यायची. सायकलीतलं कळायचं मात्र सगळ्यांना.

धानाची मळणी उरकली होती. मी कामठ्याहून गोंदियाला एका राइस मिलमध्ये कारकुनीला जायचो आणि वाटेत धानाच्या बैलबंड्यांच्या गर्दीत रोज अडकायचो. शेवटी शेठनी सांगून टाकलं, "बाबू, एक दिन और लेट हुए तो घर बैठो." माझं तर लग्नच या नोकरीवर जमलेलं! सायकलीला काय सामान लावावं, यावर घरात तातडीची बैठक बसली.

बायको म्हणाली, "चैनले झाकण बसवा. धोतर अडकलं त मंग?"

मला हँडलचा गोल आरसा हवा होता. (मागची रहदारी दिसावी म्हणून. खरं कारण भांग.)

बाबा उखडले. "आरसा कायले पायजे? तुले मांगं पाहाचं हाये का पुढं जाचं हाये? बैलाइले तुही टिरिंग टिरिंग समजत नाही. पोवळ्याची घंटा लाव."

पोवळ्या हा आमचा पुढारी बैल. बंड्यांची रांग निघाली की त्याच्या घंटेमागून बाकीचे बैल आपोआप चालत आणि बंडीवाले खुशाल झोपत. हे मला पक्कं माहीत होतं. तरीही मी घंटा लावली!

दुसऱ्या दिवशी कमालच झाली. रात्रभर चालून पेंगलेले बंडीवाले घणघण ऐकून, मागून बंडी आली समजून बाजू देऊ लागले. मी अख्खी रांग मागे टाकली! फाट्यावर ही रांग डावीकडे, दुसऱ्या मिलकडे वळायची. मी ऐटीत सरळ निघालो आणि तिथेच धोतर चेनमध्ये गेलं. मग एका हातात फाटकं धोतर, दुसऱ्या हाताने सायकल ढकलत, घंटा वाजवत मी मिल गाठली. अर्धा तास उशिरा.

शेठ फाटकातच उभे होते, पण बघत होते माझ्या मागे. मी वळलो. धानाने भरलेल्या सतरा बंड्या!

पहिला बंडीवाला डोळे चोळत म्हणाला, "हे कोन्ती मिल होय जी?"

"अपनी ही है, भैया. पहले चाय पियो," शेठ म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बाबू, लेट हो."

"पण शेठजी, या सतरा बंड्या..."

"वो घंटी लाई है. घंटी छोड़ जाओ. तुम घर बैठो."

सामान निवडावं तर आपणच, असं बाबा त्यानंतर गावभर सांगत फिरले. त्यांचं चुकलंही नव्हतं. आमच्या घरातून त्या मिलमध्ये कायम झाली ती एकटी घंटाच.