बाभूळ, खैर आणि एक बिनसहीचं पान

माझ्या वनस्पतिशास्त्राच्या जर्नलमधल्या एका पानावर सरांनी सही केली नाही. ते पान पुन्हा लिहून आण, असं त्यांनी तीनदा सांगितलं. मी आणलं नाही. वाईट वाटण्याचं सोडाच, आजही तो प्रसंग आठवला की माझी मान ताठ होते.

सांगलीच्या कॉलेजात मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. प्रॅक्टिकलला टेबलावर तीन डहाळ्या मांडलेल्या. बाभूळ, खैर आणि रस्त्याकडेच्या लागवडीत दिसते ती ऑस्ट्रेलियन बाभूळ. चित्रं काढायची, वर्णन लिहायचं आणि तिघांचा जीनस, म्हणजे झाडांचं घराणं, एकच लिहायचं: अकेशिया. सगळ्या वर्गाने लिहिलं. माझा हात चालेना.

माझे अब्बा सुतार. आता कुपवाडला मशिनरीसाठी लाकडी खोकी बनवतात, पण मी लहान होते तेव्हा आम्ही फलटणकडे एका गावात राहायचो आणि ते बैलगाडीची चाकं करायचे. झाड बघायला निघाले की मला सोबत न्यायचे. चाकाला बाभळीचा आरा, कांडायला खैराचं मुसळ, हे त्यांनी मला पाढ्यांच्या आधी शिकवलं. त्या संध्याकाळी मी तिन्ही डहाळ्या घरी आणून त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी रंधा बाजूला केला आणि एकेकीवरून अंगठा फिरवला.

"बाभळीचा काटा सरळ आत शिरतुय. खैराचा आकडा हाय, माघारी फिरताना बाही धरतुय. आन् हिला तर काटाच न्हाई. ह्येंला एका घरात कोन बसवलं?"

मी मोबाईलवर शोधायला बसले. जगातल्या अभ्यासकांनी ते जुनं घराणं केव्हाच फोडलं होतं. बाभूळ आता व्हॅचेलिया, खैर सेनेगालिया. आणि अकेशिया हे मूळ नाव कुणाला मिळालं, तर ऑस्ट्रेलियावालीला. त्याचा मला भयंकर राग आला. वाटण्या झाल्या हे बरंच झालं, पण घराचं नाव शेवटी आलेल्या पाहुणीने न्यावं? माझ्या आजोबांपासून आमच्या घराची चूल बाभळीवर पेटत आली होती. तरी खरं ते खरं म्हणून दात-ओठ खात मी तीन डहाळ्यांखाली तीन वेगळी नावं लिहिली.

सरांनी लाल पेनाने पहिल्या दोन नावांवर काट मारली. "नावं बदललीत हे मलाही माहीत आहे," ते म्हणाले. "पण आपल्या अभ्यासक्रमात अजून जुनंच आहे. परीक्षेत मार्क गेले तर मला म्हणू नकोस."

"माहीत असून चुकीचं कसं लिहू, सर?"

"सगळी मुलं लिहितातच ना."

सर वाईट नव्हते. ऑस्ट्रेलियावालीचं पान हे पान नसून चपटा झालेला देठ आहे, हे मला त्यांनीच शिकवलं. अब्बांनाही ते ठाऊक नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी जर्नलच्या पहिल्या पानावर सही केली, त्यामुळे मला परीक्षेला बसता येणार होतं. ते एक पान मात्र सहीविना सोडलं आणि म्हणाले, "बाहेरून येणारे परीक्षक काय करायचं ते करतील."

घरी अब्बांनी विचारलं, तेव्हा मी पान उघडून दाखवलं. लाल काट त्यांनी बराच वेळ पाहिली.

"लिवलंस त्ये बरोबर हाय न्हवं?"

"व्हय."

त्यांनी कानामागची चपटी पेन्सिल काढली आणि सहीच्या जागी आपली सही केली, फळीवर माप टिपतात तशी, दाबून. मी अडवलं नाही.

परीक्षेला बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. पानं उलटता उलटता त्या तिथे थांबल्या. "ही कुणाची सही?"

"ज्यांनी मला ही झाडं शिकवली, त्यांची."

सर शेजारीच उभे होते. ते खिडकीबाहेर बघायला लागले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, सहीकडे पाहिलं आणि त्या पानाचे सगळे मार्क कापले.

कापू देत. सरांच्या सह्यांची बाकीची पानं पुढे मी रद्दीत घातली. हे एक ठेवलंय.