काकूंच्या उंबऱ्याची माती

आमच्या आईचा दृष्ट काढण्यावर जेवढा विश्वास आहे, तेवढा डॉक्टरवर नाही. धाकटा भाऊ नरडाण्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून जळगावला घरी आला, तेव्हा त्याच्या गालांची हाडं वर आली होती. आईने त्याला दारातच थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि निदान जाहीर केलं: नजर लागली. मी बँकेत नोकरी करते, लोक मला विचारून पैसे गुंतवतात. पण घरात माझं मत विचारायची पद्धत नाही.

मग रोज संध्याकाळी मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या. आमच्याकडे मानतात की दृष्ट काढताना माणसाला जांभया आल्या, डोळ्यांतून पाणी आलं, तर नजर जबर. भावाला अशा जांभया येत, की जबडा निखळून हातात येईल असं वाटायचं. नाक वाहायचं, भर उन्हाळ्यात अंगावर काटा यायचा. आई मिरच्या तव्यावर टाकायची आणि सगळी गल्ली खोकायची. ठसका लागला तर नजर नाही, असाही एक नियम आहे; तो आईने सोयीने बाजूला ठेवला होता. भाऊ न्हाणीघरात जायचा आणि बऱ्याच वेळाने बाहेर यायचा तो शांत, ढिला, हसरा होऊन. "पाहिलंस? उतरली!" आई मला म्हणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढायची. इतकी वक्तशीर नजर मी तरी पाहिली नव्हती.

त्याच सुमारास डब्यातल्या पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद भराभर संपायला लागला. "तुझ्या पोळ्यांना रोज वर्ख लागतो का?" आईने मला विचारलं. मी भडकले. दोन पोळ्या नेणारी मी, त्यात वर्ख कसला! पुढे न्हाणीघराच्या खिडकीत त्याच कागदाचा तुकडा सापडला. मधोमध काळा ओघळ. भावाला विचारलं, तर म्हणाला, "डास फार होते ताई, अगरबत्ती लावली होती." मला ते पटलं. प्रेमाच्या माणसाचं काहीही पटतं.

आईने नजर लावणारीही शोधून काढली होती. शेजारच्या काकू. त्यांचं माहेर साक्रीकडचं, बोली अजून तिकडचीच. त्यांचा गुन्हा एवढाच, की भाऊ आला त्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "पोऱ्या किती वाळी गया वं!" यावर उपाय म्हणजे त्या बाईच्या पायाखालची चिमूटभर माती दृष्टीच्या मिरच्यांत घालायची. ती माती आणायला आईने मला पिटाळलं.

आता काकूंनी अंगणात नवीन फरशी बसवलेली. माती आणायची कुठून? मी, बँकेतली अधिकारी, भर दुपारी त्यांच्या उंबऱ्याशी उकिडवी बसून हेअरपिनने फरशीची फट उकरत होते. माती ठेवायला घरातून निघताना हाताला लागला तो खिडकीतलाच चांदीचा कागद उचलून आणला होता. दार उघडलं. काकू वर, मी खाली.

मला वाटलं, आता वरात निघणार. पण काकूंचं लक्ष मातीकडे नव्हतंच. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, उजेडात धरला, हुंगला. मग चप्पलही न घालता त्या आमच्या घरात शिरल्या. मी मागे.

आई पदर खोचून भांडायलाच उभी राहिली. काकू म्हणाल्या, "मी तुना पोऱ्याले नजर काय लावसू, माय? हाई नजर नही शे. हाई गर्द शे. असाच कागदवर जाळीसन त्याना धूर वढतस."

"गर्द?" आई म्हणाली. "माझा मुलगा साधी सुपारी खात नाही!"

"सुपारी नही खास, म्हनीसन गर्दबी नही वढस का?" काकूंनी कपाळाला हात लावला. मग खाली बसून त्यांनी सांगितलं, की त्यांचा थोरला भाऊ असाच गेला. असल्याच जांभया, असलेच कागद. त्यांची आई शेवटपर्यंत लोकांना कावीळ सांगत राहिली आणि कावीळ उतरवणाऱ्यांकडे त्याला फिरवत राहिली.

भाऊ दारात येऊन उभा होता. त्याने नाही म्हटलं नाही. भिंतीला टेकून खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला. आई म्हणाली, "बघा, डोळ्यांतून पाणी आलं, नजरच आहे." पण तिचा आवाज फुटला होता. मला तिचा राग आला आणि तिला कुशीत घ्यावंसंही वाटलं. मी भावाशेजारी बसले. "सुटेल का गं ताई?" त्याने विचारलं. मला ठाऊक नव्हतं. "डॉक्टरला विचारू," मी म्हणाले.

दवाखाना जळगावातही होता, पण आईला ओळखीचं कुणी भेटायला नको होतं. म्हणून काकूंनाही घेऊन आम्ही चौघं एसटीने धुळ्याला गेलो. तिथल्या व्यसनमुक्ती विभागासमोर रांगेत बसतो न बसतो, तोच समोरून आईचा मामेभाऊ आला. हा माणूस जिथे नको तिथे हमखास असतो.

"अक्का! इकडे कुठे?"

"मुलासाठी स्थळ पाहायला आलो," आई म्हणाली.

मामांनी वर पाटी वाचली. मग आम्हाला पाहिलं. मग पुन्हा पाटी. "इथली मुलगी का?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

एरवी मी हसून लोळले असते. पण भावाने मान इतकी खाली घातली होती, की त्याचा चेहराच दिसत नव्हता. आईने त्याच्याकडे पाहिलं आणि ती उभी राहिली. मिरच्या विकत घेताना बोलते त्या आवाजात म्हणाली, "नाही. माझा मुलगा गर्द ओढतो. सोडवायला आणलंय त्याला."

अख्खी रांग वळली. मामा गडबडून म्हणाले, "होईल, होईल बरा," आणि माझ्याकडे पाहत उगाच मान हलवत राहिले. काकूंनी पदर तोंडाला लावला होता. "मनी माय इतलं बोलती," त्या हळूच म्हणाल्या, "तर मना भाऊ आज ऱ्हाता."

आईने त्यांचा हात धरून त्यांना बाकावर आपल्याजवळ ओढून घेतलं. आतून आमचा नंबर पुकारला. मी उठायच्या आधी भाऊ उठला आणि दार ढकलून आत गेला.